दिवा लागला म्हणजे काम झाले?

सुताराने दार नीट बसविले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात ते फुगून चौकटीला घासू लागते. नळाचे काम करणाऱ्याने सांधा नीट आवळला नाही, तर चार दिवसांत भिंतीला ओल येते. गवंड्याचा ओळंबा चुकला, तर तो शेजारच्या पोरालाही दिसतो. आपल्या घरात राबून जाणाऱ्या बहुतेक कारागिरांच्या चुका अशा आपण होऊन बोलतात, आणि म्हणूनच त्यांचे काम पारखण्याची विद्या प्रत्येक गृहस्थाला थोडीफार अवगत असते. या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे घरातील विजेचे काम. ते भिंतीच्या पोटात होते, वरून गिलावा चढतो, रंग लागतो, आणि मागे राहतात ती केवळ गुळगुळीत बटणे. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो. आपण समाधानाने पैसे चुकते करतो. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती हीच.

श्रोतेहो, आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की दिवा लागणे हा विजेचे काम बरोबर झाल्याचा पुरावा नव्हे. चुकीच्या कामातही दिवा तितक्याच तेजाने लागतो. मग डोळ्यांना न दिसणारे हे काम पारखावयाचे कसे, आणि ते कोणाच्या हाती सोपवावयाचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधी हा न बोलणारा दोष कसा असतो, ते दोन-तीन उदाहरणांनी पाहू. आपल्या घरात विजेच्या तीन तारा खेळत असतात. वीज आणणारी ती फेज, वीज परत नेणारी ती न्यूट्रल, आणि उपकरणाचे धातूचे अंग जमिनीशी जोडून ठेवणारी ती अर्थिंगची तार. बटण नेहमी फेजच्या तारेवर बसवावे लागते. ते चुकून न्यूट्रलवर बसविले, तरी बटण दाबताच दिवा लागतो आणि पुन्हा दाबताच विझतो. फरक एवढाच, की दिवा विझलेला असताही होल्डरमध्ये वीज जिवंत असते. दिवा बदलण्यासाठी स्टुलावर चढलेल्या माणसाचे बोट त्या होल्डरला लागेपर्यंत ही चूक वर्षानुवर्षे मौन पाळून असते.

दुसरे उदाहरण अर्थिंगचे. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते. त्याच्या मागे तार जोडलेलीच नसली, तरी इस्त्री तापते आणि फ्रिज गार होतो. काही कारागीर याहून घातक असा एक आडमार्ग पत्करतात. अर्थिंगची वेगळी तार ओढण्याचे श्रम वाचविण्यासाठी ते सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थिंग यांची गाठ मारून मोकळे होतात. टेस्टर लावून पाहिले तरी यात काही वावगे दिसत नाही. परंतु पुढे कधी न्यूट्रलची तार कोठे तुटली किंवा सैल झाली, म्हणजे २३० व्होल्टचा दाब थेट फ्रिजच्या दाराच्या मुठीवर येऊन बसतो.

तिसरे उदाहरण तारेच्या जाडीचे. ९ वॅटचा एक एल.ई.डी. दिवा घ्या आणि त्याच्या शेजारी २००० वॅटचा गिझर ठेवा. हा एक गिझर म्हणजे असे २२० दिवे एकाच वेळी लावल्यासारखे आहे. त्याला जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह लागतो. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, की तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट न होता चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. म्हणून दिव्यांसाठी साधारणतः दीड चौरस मिलिमीटरची, मोठ्या सॉकेटसाठी अडीचची आणि गिझर किंवा वातानुकूलन यंत्र यांसाठी चारची तांब्याची तार घालण्याचा प्रघात आहे. चाळीस वर्षांपूर्वी चार दिवे आणि दोन पंखे यांच्या हिशेबाने ओढलेल्या बारीक तारेवर कोणी गिझर जोडून दिला, तर पाणी तापेलच. परंतु त्याबरोबर भिंतीतील तारही तापत राहील. तिच्यावरचे आवरण कडक होईल, तडकेल, आणि एखाद्या दिवशी जळका वास येईल. चुकीच्या कामाचा हा पहिला उच्चार असतो, आणि तो फार उशिरा होतो.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. पुष्कळांना वाटते, की फ्यूज किंवा त्याच्या जागी आता आलेले एम.सी.बी. नावाचे आपोआप पडणारे बटण असले, की माणसाला भय नाही. वस्तुतः या दोहोंची योजना तारेचे रक्षण करण्यासाठी आहे. माणसाचे रक्षण हे त्यांचे कामच नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर प्रवाह निमूटपणे वाहू देणारा पहारेकरी. मानवी शरीराला मात्र ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही काही क्षण वाहिला तर प्राणघातक ठरू शकतो. स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. एवढ्याशा प्रवाहाची फ्यूजला दादही नसते. माणसाला वाचविणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे सुस्थितीतील अर्थिंग, आणि दुसरी म्हणजे आर.सी.सी.बी. या नावाने ओळखले जाणारे साधन. जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे की नाही, हे ते सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरइतकी तूट दिसताच निमिषार्धात वीज तोडते. तेही सर्वशक्तिमान नाही. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली आणि प्रवाह जमिनीत उतरलाच नाही, तर त्याला तूट दिसत नाही. परंतु घरगुती अपघातांचा नेहमीचा प्रकार म्हणजे ओल्या पायांनी सदोष उपकरणाला हात लागणे, आणि तेथे त्याच्याइतका विश्वासू रक्षक नाही.

हे सारे भय दाखविण्यासाठी सांगत नाही. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा आकडा २०१९ ते २०२२ या चारही वर्षांत दहा हजारांच्या वर आहे. त्यांत शेतावरील पंप, रस्त्यावरील तारा, कारखाने यांतील अपघातही आले. तरी न्हाणीघरातील गिझर, पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार, पाण्यात उभ्या राहून चालविलेली मोटर यांच्या बातम्या आपण सर्वच जण दरवर्षी वाचतो. त्यांतील अनेक घरांत आदल्या दिवशीपर्यंत दिवे उत्तम लागत असतील.

सामान्य माणसाला पारखता येत नाही असे काम जेथे असते, तेथे समाजाने त्याच्या वतीने पारख करण्याची व्यवस्था केलेली असते. वैद्याची विद्या रोग्याला पारखता येत नाही, म्हणून वैद्याला नोंदणी लागते. विजेच्या बाबतीत ही व्यवस्था आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यांतील ४५ व्या नियमाने घरातील वीजकाम कोणी करावे हे स्पष्ट सांगितले होते. पुढे २००३ साली नवा विद्युत अधिनियम आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम २०१० मध्ये केले आणि त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. कायदे बदलले, परंतु त्यांतील हे सूत्र कायम राहिले. ते सूत्र असे, की ग्राहकाच्या, मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या जागेतील वीजकाम, मग ते नवे असो, वाढीव असो वा दुरुस्तीचे असो, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करावे. ते सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे. आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनपाशीही राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा.

म्हणजे माणसे तीन आणि कागदही तीन. कागदांवरच ज्याचा जन्म चालला आहे अशा माझ्यासारख्या सरकारी नोकराने कागदांची महती गावी, याचे आपणांस हसू येईल. परंतु या तीन कागदांमागचा विचार पाहण्यासारखा आहे. ठेकेदाराचा परवाना सांगतो, की या कामाची जबाबदारी घेणारा कोणीतरी आहे आणि उद्या प्रश्न उद्भवला तर तो सापडेल. पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र सांगते, की कोणत्या तारेवर किती भार घालावा हे ठरविणाऱ्याला त्याचे शास्त्र ठाऊक आहे. वायरमनचा परवाना सांगतो, की पकड आणि पेचकस ज्याच्या हाती आहेत, त्याच्या हातांची परीक्षा झालेली आहे. लहान कामांत दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे असू शकतात. स्वतः पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र असलेला ठेकेदार ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. मात्र तीनही प्रश्नांना उत्तर मिळाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की मग साधा दिवा बदलावयालाही ठेकेदार बोलवावा काय? कायदा इतका अव्यवहारी नाही. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती दाबाची उपकरणे आणि तत्सम जोडण्या बदलण्याला त्याने सूट दिली आहे. मात्र तिला एक अट आहे. त्या बदलाने मूळ मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. ही अट मर्मावर बोट ठेवणारी आहे. मोडलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटच्या जागी तसलेच नवे सॉकेट बसविणे हा बदल झाला. त्याच जागी, त्याच बारीक तारेवर, १६ अँपिअरचे मोठे सॉकेट बसवून त्यावर गिझर चालविणे हे क्षमतेत ढवळाढवळ करणे झाले. वारंवार उडणाऱ्या फ्यूजमध्ये जाड तार घालून तो गप्प बसविणे हेही त्यातलेच. फ्यूज उडतो तेव्हा तो तक्रार करीत असतो. तक्रारदाराचे तोंड बांधल्याने तक्रारीचे कारण नाहीसे होत नाही.

आता माणसांच्या पारखीत आपली गफलत कोठे होते ते पाहू. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला तरुण हा शिकलेला कारागीर खराच. परंतु ते शिक्षणाचे प्रमाणपत्र होय. परवाना ही वेगळी गोष्ट असून तो राज्याचे अनुज्ञापन मंडळ किंवा विद्युत निरीक्षकांचे खाते देते आणि मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण करावे लागते. दुसरी गफलत अधिक मोठी आहे. खांबावर चढणारा वीज कंपनीचा माणूस आपल्या ओळखीचा असतो. संध्याकाळी येऊन घरातले काम करून देण्याची तयारी तो दाखवितो, आणि कंपनीचाच माणूस म्हटल्यावर आपण निःशंक होतो. वस्तुतः वीज कंपनीचे कार्यक्षेत्र सामान्यतः मीटरपाशी संपते. मीटरच्या पुढील तार आपली आणि तिची जबाबदारीही आपली. खांबावरील कामात निष्णात असलेल्या माणसापाशी घरातील कामाचा परवाना असेलच, असे नाही.

तर मग परवानाधारक ठेकेदार शोधावा कोठे? मार्ग तीन-चार आहेत. आपल्या वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात परवानाधारक ठेकेदारांची नेहमी ये-जा असते, कारण नवी जोडणी किंवा वाढीव भार मागताना त्यांच्या सहीचा चाचणी अहवाल लागतो. तेथे विचारल्यास दोन-चार नावे सहज मिळतात. दुसरा मार्ग विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाचा. २००३ च्या अधिनियमाच्या १६२ व्या कलमान्वये शासनाने नेमलेले हे अधिकारी असतात, आणि परवाना खरा आहे की नाही याची शहानिशा करण्याला याहून योग्य ठिकाण नाही. अनेक राज्यांत ही माहिती आता संगणकावरही पाहता येते. तिसरा मार्ग गृहनिर्माण संस्थेचा. इमारतीचे मूळ काम ज्याने केले किंवा जो तिची देखभाल करतो, त्याला भिंतीतील तारांचा मार्ग ठाऊक असतो. शेजाऱ्याची शिफारस हा चौथा आणि सर्वांत लोकप्रिय मार्ग. तो त्याज्य नाही, परंतु शेजाऱ्याची शिफारसही बहुधा दिवा लागला एवढ्याच पुराव्यावर उभी असते, हे लक्षात ठेवावे. मोबाइलवर बोट ठेवून कारागीर बोलाविण्याची सोय आता झाली आहे. तेथेही ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांची संख्या पाहून थांबू नये. परवाना क्रमांक विचारावा.

हे भाषण महाराष्ट्राबाहेरही ऐकले जात असेल. इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला, दिल्लीला अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि माझ्यासारखी बदलीची नोकरी असणारी माणसे तर दर चार वर्षांनी नव्या गावात बिऱ्हाड मांडतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. सुरक्षेचे विनियम साऱ्या देशाला एकच आहेत, परंतु परवाना देणारे राज्य शासन वेगळे. विनियमांतील शब्द राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला असे आहेत. म्हणून कोल्हापूरचा ओळखीचा वायरमन कितीही गुणी असला, तरी त्याचा परवाना बेळगावात चालेल असे गृहीत धरू नये. तेथील राज्याने तो मान्य केला आहे काय, हे आधी विचारावे. सावंतवाडी आणि गोवा यांच्या बाबतीतही तोच न्याय. नव्या गावी भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. तीन कागदांची मागणी मात्र सगळीकडे सारखीच करता येते.

माणूस ठरला, की त्याच्याशी बोलणे कसे करावे? आपल्याकडे पॉइंटच्या हिशेबाने भाव सांगण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, परंतु त्या एका शब्दात पुष्कळ काही दडून राहते. म्हणून अंदाजपत्रक लेखी मागावे आणि त्यात तारेची जाडी, तारेचा प्रकार, बटणे आणि सॉकेट यांचे बनाव, प्रत्येक मोठ्या उपकरणासाठी स्वतंत्र तार आहे की नाही, अर्थिंगची तार कोठपर्यंत जाईल आणि आर.सी.सी.बी. धरले आहे काय, हे सारे लिहून घ्यावे. मालावर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह असावे आणि मालाची पावती आपल्या नावाने घ्यावी. जो ठेकेदार भाव सांगण्याआधी घरात कोणकोणती उपकरणे आहेत, पुढे कोणती घ्यावयाची आहेत आणि मंजूर भार किती आहे हे विचारतो, तो बहुधा जाणता असतो. दिव्यांच्या एका शाखेवर दहांहून अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटहून अधिक भार घालू नये, आणि मोठ्या सॉकेटच्या एका शाखेवर दोनांहून अधिक सॉकेट घेऊ नयेत, असा जुना पाठ आहे. तो त्याच्या तोंडून आला, तर आपण योग्य दारी आलो असे समजावे. आगाऊ रक्कम बेताची द्यावी आणि शेवटचा हप्ता चाचणी अहवाल हाती येईपर्यंत राखून ठेवावा.

काम चालू असता घरधन्याने दोनच वेळा जातीने हजर राहिले तरी पुरे. पहिली वेळ म्हणजे पाइपांतून तारा ओढून झाल्या आहेत आणि भिंत अजून बुजविलेली नाही ती. यावेळी पर्यवेक्षकाने येऊन पाहणे अगत्याचे आहे. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची तार आली आहे काय, हे आपल्यालाही तेव्हा उघड्या डोळ्यांनी मोजता येते. जे काम पुढे कायमचे दृष्टीआड होणार, ते पाहण्याची ती शेवटची संधी असते.

दुसरी वेळ चाचणीची. येथे आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आहे. दिवा जे सांगू शकत नाही, ते मेगर नावाचे यंत्र सांगते. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिटभर देऊन तारेवरचे आवरण वीज बाहेर गळू देते की काय, हे त्याने पाहिले जाते, आणि तारेचा जमिनीच्या संदर्भातील रोध किमान एक मेगओम भरावा लागतो. त्याशिवाय अर्थिंगचा रोध मोजावा. आपल्याकडील मुरमाड आणि कातळाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल आटली, की अर्थिंगची शक्ती घटते. म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची सोय आहे की नाही हेही पाहावे. सदनिका असेल, तर संपूर्ण इमारतीच्या अर्थिंगची तपासणी केव्हा झाली, हे संस्थेच्या चिटणिसांना विचारावे. प्रत्येक बटण बंद करून होल्डरमध्ये वीज उरत नाही ना, याची खातरजमा करून घ्यावी. आर.सी.सी.बी.वर चाचणीचे एक छोटे बटण असते. ते दाबताच वीज गेली पाहिजे. हे बटण पुढेही महिन्याकाठी एकदा दाबून पाहावे. परंतु त्याने केवळ त्या साधनाची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाही, हे विसरू नये. या चाचण्यांचे आकडे, तारीख, परवाना क्रमांक आणि सही असलेला अहवाल हाच कामाचा खरा पुरावा.

या साऱ्या व्यवस्थेत छिद्रे नाहीत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परवाना एकाचा, काम दुसऱ्याचे आणि अहवालावर घरबसल्या सही तिसऱ्याची, असे प्रकार घडतात. मी स्वतः एका गावी सरकारी निवासस्थानात राहावयास गेलो, तेव्हा तेथील चाचणी अहवालावर सारे आकडे अगदी सुबक होते. परंतु न्हाणीघरातील सॉकेट उघडून पाहता अर्थिंगची तार तेथवर आलेलीच नव्हती. कागद बोलका होता, भिंत मुकी होती. यावर उपाय कागद टाकून देणे हा नव्हे. अहवालावर जो सही करणार आहे, तो चाचणीच्या वेळी आपल्या घरात उभा असावा, एवढा आग्रह धरणे हा आहे. हा आग्रह कोणी मोठा ठेकेदार रागावेल म्हणून सोडू नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही तो मालकावर ढकलून स्वस्थ बसू नये. कायद्याने मालक आणि भोगवटादार दोघांचाही उल्लेख केला आहे, आणि वीज तर धक्का देण्यापूर्वी भाडेपावती पाहत नाही.

दुसरी अडचण पैशांची. परवानाधारक ठेकेदार अधिक पैसे मागतो आणि लहान कामाला येण्यास कंटाळतो, ही तक्रार पुष्कळ अंशी खरी आहे. शेजारपाजारच्या दोन-तीन घरांनी आपली किरकोळ कामे एकत्र करून एकाच दिवशी त्याला बोलाविले, तर दोन्ही बाजूंची सोय होते. आणि जुन्या घराची सारी तार एकदम बदलणे परवडत नसेल, तर निदान न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि पाण्याची मोटर यांपासून आरंभ करावा. पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात, तेथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

परवाना नसलेल्या कारागिराविषयी मात्र तुच्छतेने बोलू नये. लहानपणी कोणाच्या तरी हाताखाली पेचकस धरून शिकलेला, दहा-पंधरा वर्षे प्रामाणिकपणे पोट भरणारा असा कारागीर गावोगाव आहे. त्याच्या हातात कसब असते, परंतु शास्त्राची परीक्षा झालेली नसते. आणि धक्का बसण्याचा पहिला मान बहुधा त्याचाच असतो. शिडीवर चढतो तो. आपण खाली उभे असतो. बाजूचे सॉकेट चालू राहावे म्हणून मेन स्विच बंद न करता काम कर, असे त्याला सांगणारे आपणच असतो. राज्याराज्यांतील मंडळे वायरमनच्या परीक्षा घेतात, आणि अनुभवी माणसाला तेथे वाट मिळते. आपल्या नेहमीच्या कारागिराला त्या परीक्षेची माहिती काढून देणे, अर्ज भरून देणे आणि परवाना मिळेपर्यंत त्याला एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली काम मिळवून देणे, हे कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाला अवघड नाही. त्यात त्याचे कल्याण आहे आणि आपलेही.

जाता जाता एक छोटी सूचना. काम पूर्ण झाले, की ठेकेदाराकडून घराचा एक साधा नकाशा काढून घ्यावा. कोणत्या भिंतीतून कोणत्या उंचीवर तारा गेल्या आहेत आणि कोणते बटण कोणत्या शाखेचे आहे, एवढे त्यावर असले तरी पुरे. त्याची एक प्रत मीटरच्या पेटीच्या दारामागे चिकटवावी आणि दुसरी चाचणी अहवालासह घराच्या कागदपत्रांत ठेवावी. आज ना उद्या त्या घरात दुसरे कोणी राहावयास येईल आणि तसबीर टांगण्यासाठी भिंतीत खिळा ठोकावयास हात उचलील. त्याला तो खिळा कोठे ठोकू नये, हे त्या कागदावरून कळेल.